वायूतील रेणूंची सर्वाधिक संभाव्य चाल कशी काढावी

ठरावीक तापमानाच्या वायूत सगळ्या रेणूंची चाल सारखी नसते. ती रेणूरेणूंत कशी विभागलेली असते, याचे सूत्र जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६० मध्ये मांडले. चाल च, रेणूचे वस्तुमान म, केवल तापमान त, बोल्ट्झमन स्थिरांक क आणि नैसर्गिक लॉगरिथमचा पाया ई मानल्यास ते असे लिहिता येते:

फ(च) = अ × च² × ई^(−मच²/२कत)

येथील अ चालीवर अवलंबून नसल्याने पुढे गळून पडतो. त्याचे लांबलचक रूप प्रत्येक ओळीत उतरवत बसू नये.

आकडेमोडीपूर्वी च² कोठून आला ते समजून घ्यावे, कारण खरी गोम तेथेच आहे. घातांकी पद एकटेच असते, तर ते शून्य चालीलाच महत्तम ठरले असते. परंतु एकाच चालीने निरनिराळ्या दिशांना जाणारे सर्व रेणू आपण एकत्र मोजतो, आणि चाल वाढते तशी त्या दिशांना मिळणारी जागा गोलाच्या पृष्ठफळाप्रमाणे चालीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वाढणारे च² आणि घटणारे घातांकी पद यांच्या ओढाताणीतून फ(च) च्या वक्राचे शिखर तयार होते; त्या शिखरावरची चाल हीच सर्वाधिक संभाव्य चाल.

आता गुणाकाराचा नियम लावून थेट अवकलन करता येते, पण आधी दोन्ही बाजूंचा नैसर्गिक लॉगरिथम घेणे मला अधिक सोयीचे वाटते. फलन धन असल्याने शिखराची जागा बदलत नाही.

लॉग फ = लॉग अ + २ लॉग च − मच²/२कत

च च्या संदर्भात अवकलन करून अवकलज शून्य मानावा:

२/च − मच/कत = ०, म्हणून च = √(२कत/म)

दुसरा अवकलज −२/च² − म/कत नेहमीच ऋण असतो, तेव्हा हे शिखरच आहे.

प्रत्यक्ष उत्तर काढताना क ऐवजी वायू स्थिरांक ८.३१४ आणि म ऐवजी मोलर वस्तुमान, म्हणजे एक मोल वायूचे वस्तुमान, घ्यावे. ३०० केल्विनला नायट्रोजनसाठी ०.०२८ किलोग्रॅम घेतल्यास सेकंदाला सुमारे ४२२ मीटर मिळतात. चुकून ग्रॅममधले २८ घातले, तर उत्तर जेमतेम १३ मीटर येते. हवेतून ध्वनीच सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो हे आठवले, की ही चूक लगेच पकडता येते.

आणखी एका ठिकाणी सावध राहावे. या चालीची गतिज ऊर्जा कत इतकी येते, पण सर्वाधिक संभाव्य ऊर्जा मात्र कत/२ असते, कारण चालीऐवजी ऊर्जा हे चल घेतले की च² च्या जागी ऊर्जेचे वर्गमूळ येते आणि शिखर सरकते.