जाळ्यावरनं कोळी ओळखायचा कसा (खानापूर-जांबोटीकडच्यांसाठी)

पाऊस कमी झाला की आमच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागात बांधावर, काजूच्या बागेत, परसातसुद्धा चाकासारखी गोल जाळी दिसाय लागतात. बरेच जण फोटो पाठवून विचारतात हा कुठला कोळी, खरं फोटोत नुसता कोळी मोठा करून घेतलेला असतो आणि जाळं कापलेलं असतं, आणि निम्मी ओळख तर जाळ्यातच असते बघा.

म्हणून आधी जाळं बघा. सकाळी दव असताना जावा, नाहीतर जाळ्याच्या मागं काळी छत्री उघडून धरा, एकेक धागा दिसतो. धागा उन्हात सोनेरी पिवळा दिसला, जाळं दोन झाडांच्या मधे हात-दीड हात किंवा त्याहून मोठं असलं आणि मधला भाग वरच्या बाजूला सरकलेला असला तर तो जायंट वुड स्पायडर, म्हणजे नेफिला पिलिपेस. चोर्ला घाटाकडं जाताना रस्त्याकडेच्या झाडीत नजर ठेवा. मादीचं नुसतं अंगच ३ ते ५ सेंटीमीटर, पाय वेगळे, आणि नर जेमतेम अर्धा सेंटीमीटर! त्यामुळं त्याच जाळ्यात वर कुठंतरी बसलेला बारका तांबूस कोळी पिल्लू वाटतो, तो बहुतेक नर असतो. चांदीच्या थेंबासारखे दिसणारे बारके कोळी मात्र वेगळ्याच जातीचे, ते मोठीच्या जाळ्यात चोरून खातात.

झुडपात कमरेएवढ्या उंचीवर जाळं, त्यात पांढरी नागमोडी नक्षी, आणि कोळी दोन-दोन पाय जोडून फुलीसारखा उलटा बसलेला, तर सिग्नेचर स्पायडर, अर्जिओपी. नक्षीच्या चारही रेघा असतीलच असं नाही, कधी एक-दोनच असतात, म्हणून पाय कसे ठेवलेत ते बघा. पाठ कडक आणि कडेला काटे असले तर गॅस्टरकँथा. ओढ्याच्या पाण्यावर आडवं जाळं असलं तर बहुधा लांब जबड्याचा टेट्राग्नाथा किंवा चंदेरी ल्यूकॉज.

दिवसा काहीच नाही आणि रात्री अंगणात दिव्याजवळ मोठं जाळं दिसलं तर निओस्कोना असू शकतो, तो अंधार पडताना जाळं विणतो आणि बऱ्याचदा पहाटे खाऊन टाकतो, म्हणून त्याला बघायला टॉर्च घेऊन सात-आठला बाहेर पडा.

फोटो तीन काढा: पाठीकडनं, पोटाकडनं आणि पूर्ण जाळ्याचा. जाळं उभं की आडवं, जमिनीपासनं किती उंच, कुठल्या झाडावर, तारीख काय, एवढं तिथंच मोबाईलमधे लिहून ठेवा. धाग्याला हात लावू नका, काठी तर नकोच, एकदा जाळं हललं की कोळी पानामागं जातो आणि मग तासभर थांबलं तरी येत नाही.