वीरगळाचे त्रिमितीय प्रारूप फोटोंवरून तयार करताना या चुका टाळा

विदर्भातील अनेक गावांत मारुतीच्या पाराजवळ किंवा पडक्या हेमाडपंती देवळाच्या आवारात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरीव शिळा, उघड्यावर झिजत उभे आहेत. साध्या मोबाइलने फोटो काढून कोलमॅप किंवा मेशरूम या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यांचा पृष्ठभाग जतन करणे मोलाचे आहे. मात्र हे काम बिघडते ते बहुधा संगणकावर नव्हे, तर दगडासमोरच.

सर्वांत घातक चूक म्हणजे एका जागी उभे राहून नुसता कॅमेरा फिरवणे. एकच बिंदू दोन निरनिराळ्या जागांवरून पाहिल्यावर किती सरकलेला दिसतो, यावरूनच त्याची खोली काढली जाते. जागा बदललीच नाही, तर शंभर फोटोंतूनही खोली मिळत नाही. म्हणून दगडाभोवती चालत, लगतच्या दोन फोटोंत सुमारे 70 ते 80 टक्के भाग समान राहील अशा बेताने फोटो घ्यावेत. वीरगळ पातळ शिळेचा असल्यामुळे कडेवरून मागे वळताना समान भाग एकदम घटतो आणि पुढची व मागची बाजू अशी दोन तुटक प्रारूपे तयार होतात. कडेपाशी पावले लहान करून दुप्पट फोटो घेतल्यास ही अडचण सहसा टळते.

दुसरा प्रश्न शेंदराचा. तेल-शेंदराचा लेप चमकतो आणि ती चमक पाहणाऱ्याच्या जागेनुसार सरकते, तर फोटोंची जुळणी करणारी पद्धत एक बिंदू सर्व बाजूंनी सारखाच दिसतो असे गृहीत धरते. परिणामी प्रारूपावर खोटे खड्डे आणि उंचवटे उमटतात. फ्लॅश टाळावा, ढगाळ वेळ किंवा सूर्योदयापूर्वीचा उजेड निवडावा. लेप खरवडू नये, त्यावर पावडरही टाकू नये. तो गावाच्या श्रद्धेचा भाग आहे आणि फोटो काढण्यापूर्वी गावकऱ्यांची परवानगी घेणेही तितकेच आवश्यक आहे. दगडफुलाचे डागही घासू नयेत, कारण जुळणीला तेच उत्तम खुणा पुरवतात. वैशाखातील दुपार तर टाळावीच, कारण गडद सावल्यांत कोरीवकाम बुडते आणि चित्रण लांबल्यास त्या सावल्या सरकतात.

छोट्या वस्तूंच्या बाबतीत चूक वेगळी होते. तान्ह्या पोळ्याचा (पोळ्यानंतरच्या मुलांच्या सणाचा) लाकडी नंदी फिरत्या पाटावर ठेवून फोटो काढल्यास सॉफ्टवेअर मागच्या स्थिर भिंतीवरच्या खुणा धरते आणि कॅमेरा हललाच नाही असे मानते. मागे एकरंगी कापड लावावे व नंदीखाली त्याच्यासोबत फिरणारे छापील वर्तमानपत्र ठेवावे.

झूम आणि पोर्ट्रेट मोड बंद ठेवावेत. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत बारकावे आणि लेन्सची नोंद नाहीशी होते, म्हणून मूळ फाइल केबलनेच घ्यावी.

केवळ फोटोंवरून आकार मिळतो, माप नाही. त्यामुळे दगडाशेजारी मोजपट्टी ठेवावी. शेवटी पॉयसन पद्धतीने, म्हणजे सुट्या बिंदूंवरून सलग पृष्ठभाग काढणाऱ्या गणिती पद्धतीने, पृष्ठभाग बांधताना, न दिसलेला शिळेचा माथा गुळगुळीत अंदाजाने भरला जातो. तो अंदाज कोरीवकाम म्हणून नोंदला जाऊ नये, यासाठी असा भाग छाटून तिथे पोकळी तशीच ठेवावी आणि तिची नोंद मूळ फोटोंसोबत करावी.