गिरणीच्या करवती छपरातून अमूर्त चित्र: थर चढवायचे कसे, खरवडायचे कसे

जुन्या कापड गिरणीच्या करवती छपराची एक बाजू तिरकी, दुसरी जवळजवळ उभी असते. उभ्या बाजूच्या काचा उत्तरेकडे असतात, त्यामुळे आत थेट ऊन न येता दिवसभर सारखा उजेड राहतो. चित्रकाराला इथे एकाच आकाराची लय आणि उजेड-अंधाराचे पट्टे आयते मिळतात. चिमणी, पाण्याची टाकी, क्रेनचा हात, रिव्हेटच्या रांगाही चालतील, पण एका चित्राला एकच आकार पुरे.

आधी कागदावर 5 × 7 सेंमीच्या दहा-बारा चौकटी आखा. प्रत्येकीत छप्पर वेगळ्या ठिकाणी कापा. जमीन, आकाश, खिडक्या गाळा. आकार सोडून मधली मोकळी जागा काळी करून पाहा. कागद उलटा धरल्यावरही जिचा तोल सुटत नाही, ती चौकट घ्या.

खरवडायचं आहे म्हणून ताणलेला कॅनव्हास नको. दाबल्यावर तो आत जातो आणि मागच्या लाकडी पट्टीची खूण वर उमटते. 60 × 75 सेंमीचं 12 मिमी प्लायवूड घ्या. मागची बाजू आणि कडाही सील करा, नाहीतर एकाच बाजूने ओल शोषून फळी वाकते. पुढून जेसोचे, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, तीन हात द्या आणि प्रत्येक हात वाळला की 220 नंबरचा सँडपेपर फिरवा.

शेवटी जो रंग उघडा पाडायचा, तो सगळ्यात आधी लावायचा. अ‍ॅक्रिलिकमधला बर्न्ट सिएना, मध्ये मध्ये रॉ अंबर. गंज म्हणजे लोहाचा ऑक्साइड; गेरू आणि बर्न्ट सिएनाचा रंगही लोहाच्या ऑक्साइडमुळेच येतो, म्हणून हा थर गंजासारखा दिसायला वेगळी युक्ती लागत नाही. रात्रभर वाळू द्या, मग वर मॅट मीडियमचा (रंग न मिसळलेला, चकाकी नसलेला अ‍ॅक्रिलिक द्रव) एक पातळ हात द्या. बरेच जण हा हात वगळतात आणि मग वरचा रंग खरवडताना खालचाही निघून येतो.

दुसरा थर राखाडी: टायटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन, बर्न्ट अंबर. पुट्टीच्या पट्टीने पातळ ओढा आणि पाच-सात मिनिटांत खरवडा. उशीर झाला की वर साय धरते आणि रंग रबरासारखा तुकड्या-तुकड्यांनी सुटतो. म्हणून एका वेळी हातभर जागाच घ्या. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे तैलरंगात रोलर, पॅलेट नाइफ आणि वर्तमानपत्राचे फाडलेले तुकडे वापरून रंग चढवत-उचलत. कागद ओल्या रंगावर दाबून उचलण्याची ती रीत अ‍ॅक्रिलिकमध्येही साधते, फक्त हात चपळ हवा.

करवती छपराच्या धारदार कडांसाठी मास्किंग टेप लावा. टेपच्या काठावर आधी मॅट मीडियम फिरवा. फटीत मीडियम भरलं की रंग आत झिरपत नाही. वरचा रंग ओलसर असतानाच टेप स्वतःवर दुमडत सावकाश ओढा. रंग पूर्ण वाळला असेल तर कडा फाटते.

उजेडाच्या पट्ट्यांवर ग्लेझ, म्हणजे रंगाचा पातळ पारदर्शक थर, द्या: एक भाग रंग, आठ भाग ग्लॉस (चकाकणारं) मीडियम. पाण्याने पातळ करू नका. पाणी फार झालं की रंगातला बांधणारा घटक विरळ होतो आणि पुढच्या ब्रशबरोबर थर निघतो. थर वाळला का हे हाताच्या पालथ्या बाजूने पाहा. गार लागला तर आत अजून पाणी आहे. पावसाळ्यात इथे घाई मुळीच नको. वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग चालतो, पण तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक कधीही नाही.

तीन दिवसांनी 400 नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून उंच कडा घासा. कोरडं घासलं तर रंगाची धूळ श्वासात जाते. कॅडमियमचे रंग वापरले असतील तर ते घातक आहे. घासताना पांढरा जेसो उघडा पडला, तर त्यावर जाड रंगाचं ठिगळ लावू नका. बर्न्ट सिएनाची पातळ ग्लेझ देऊन कापडाने लगेच टिपा.