ग्रिमच्या गोष्टींच्या वाटेने : निघण्याआधीची तयारी

युरोपात ‘परीकथेतल्यासारखी’ ठिकाणं शोधायला बसलं की तीच चार-पाच छायाचित्रं फिरून फिरून समोर येतात. बव्हेरियातला नॉयश्वानस्टाइन त्यात हमखास असतो. किल्ला देखणा आहे, पण त्याचं बांधकाम सुरू झालं १८६९ मध्ये, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावू लागली त्यानंतर सोळा वर्षांनी. ज्यांना खरोखर गोष्टींच्या मुलखात जायचंय त्यांनी छायाचित्रं बाजूला ठेवून गोष्टींवरून यादी करावी. मग नकाशावर बोट आपोआप जर्मनीच्या मध्यावर येतं. तिथे १९७५ पासून ‘डॉइच मेर्शनश्ट्रास’ नावाचा परीकथांचा मार्ग आखलेला आहे. ग्रिम बंधूंच्या जन्मगावापासून, हानाऊपासून, उत्तरेला ब्रेमेनपर्यंत तो सुमारे ६०० किलोमीटर जातो.

तयारीतलं पहिलं काम घरातच करायचं. मुलांना गोष्टी वाचून दाखवा: हिमगौरी, सिंड्रेला, रॅपुन्झेल, झोपलेली राजकन्या, ब्रेमेनचे वादक, हॅमेलिनचा पुंगीवाला. मात्र आधी स्वतः वाचा. ग्रिमच्या सिंड्रेलात शेवटी कबुतरं सावत्र बहिणींचे डोळे टोचून काढतात, त्यामुळे लहान मुलाला कुठवर सांगायचं ते आपणच ठरवलेलं बरं. आणखी एक गोष्ट मुलांना प्रामाणिकपणे सांगावी. याकोब आणि विल्हेल्म हे ग्रिम बंधू गावोगाव हिंडून गोष्टी गोळा करत नव्हते, गोष्टी सांगणारी माणसंच बहुतेक वेळा त्यांच्याकडे यायची. कासेलजवळच्या खानावळवाल्याची मुलगी डोरोथेआ फीमान कासेलमध्ये भाजीपाला विकायला येई आणि त्यांच्या तिथल्या घरी बसून गोष्टी सांगे. पहिला खंड १८१२ मध्ये आला, दुसरा १८१५ मध्ये. अमुक किल्ला अमक्या राजकन्येचा, ही नाती पुष्कळशी नंतर जोडली गेली. म्हणूनच माझ्या यादीत किल्ल्यांच्या आधी कासेल येतं.

आता महिना. आपल्या शाळांची सुट्टी आणि तिकडचा हंगाम मेच्या उत्तरार्धात आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात छान जुळतात. दिवस मोठा असतो, नऊ वाजून गेले तरी उजेड राहतो. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर पुढे सांगितलेल्या दोन मोठ्या गोष्टी हुकतील, कारण त्या तोवर बंद होतात. पहिली म्हणजे कासेलच्या बेर्गपार्क विल्हेल्मसह्योऽ या डोंगरउतारावरच्या बागेतला पाण्याचा खेळ. १ मे ते ३ ऑक्टोबर या काळात बुधवारी, रविवारी आणि सणाच्या सुट्टीला दुपारी वर हर्क्युलिसच्या पुतळ्यापाशी पाणी सोडतात. ते पायऱ्यांवरून, कड्यांवरून, पुलाखालून उतरत जातं आणि माणसं त्याच्या बरोबरीने चालत खाली येतात. शेवटी तळ्यातून सुमारे ५० मीटर उंच कारंजं उसळतं. कुठेही पंप नाही, सगळं उंचावर साठवलेल्या पाण्याच्या दाबावर चालतं. ही बाग २०१३ पासून जागतिक वारसा यादीत आहे. मुलांना पाण्याबरोबर पळू द्या आणि त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. दुसरी गोष्ट हामेल्नची, म्हणजे आपल्या ओळखीच्या हॅमेलिनची. तिथे मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दर रविवारी दुपारी बारा वाजता गावकरी पुंगीवाल्याचं नाटक उघड्यावर करतात, तेही विनामूल्य.

तेव्हा कॅलेंडरवर आधी हे दोन वार पक्के करा, बुधवारी कासेल आणि रविवारी हामेल्न, आणि बाकीचे दिवस त्यांच्याभोवती बसवा. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात, कासेलचं ग्रिमव्हेल्ट हे ग्रिम बंधूंवरचं संग्रहालयही. रविवारी दुकानं बंद, म्हणून दूध, ब्रेड, फळं शनिवारीच घेऊन ठेवा. मे-जूनमध्ये सणांच्या सुट्ट्याही येतात, त्यांच्या तारखा आधी पाहून घ्या.

व्हिसाचं थोडक्यात: सर्वाधिक मुक्काम जर्मनीत, म्हणून अर्ज जर्मनीचाच. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर संपतात. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा.

मार्ग असा धरा. फ्रँकफर्टला उतरून शेजारच्या हानाऊत अर्धा दिवस पुरतो. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जुनं शहर गेलं, बंधूंचं जन्मघरही उरलं नाही, चौकातला पुतळा मात्र आहे. त्याच रेल्वेमार्गावर पुढे श्टाइनाऊ आहे. वडील तिथे सरकारी अधिकारी होते, आणि १५६२ मधलं ते घर आज संग्रहालय आहे. इथे घाई करू नका, त्या दोघांचं बालपण याच भिंतींत गेलं. मग मारबुर्ग. दोघं तिथे कायदा शिकले. चढ-उतारांच्या जुन्या गल्ल्यांत गोष्टींतल्या वस्तू जागोजागी मांडल्या आहेत आणि सिंड्रेलाचा मोठा बूट शोधताना मुलं कधी किल्ल्यापर्यंत चढतात ते कळत नाही. आजी-आजोबा बरोबर असतील तर वरच्या गावात नेणारी लिफ्ट आहे. कासेलला तीन रात्री ठेवा. तिथून हान म्युन्डेन गाडीने जवळ आहे. लाकडी चौकटींची जुनी घरं एकमेकांना टेकून उभी असलेली आणि व्हेरा-फुल्डाच्या संगमातून व्हेजर नदी निघणारी, अशी ही जागा आहे. मला या सगळ्या वाटेवर तीच सर्वांत गोष्टीतली वाटते.

राइनहार्ड्सवाल्डच्या जंगलातला झाबाबुर्ग, म्हणजे झोपलेल्या राजकन्येचा किल्ला, आणि रॅपुन्झेलच्या मनोऱ्याचं ट्रेंडेलबुर्ग हवं असेल तर एक दिवस भाड्याची गाडी घ्या, कारण बस फार कमी आहेत. त्यासाठी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधीच काढा. झाबाबुर्गमधला कोणता भाग उघडा आहे ते जाण्याआधी तपासा, तिथे दुरुस्तीची कामं दीर्घकाळ चालली आहेत. पायथ्याचं १५७१ मधलं प्राणी उद्यान मुलांना पुरून उरेल. जंगलात फिरताना पूर्ण पँट, वर ओढलेले मोजे घाला आणि रात्री अंगावर गोचीड नाही ना ते पाहा.

रेल्वेसाठी प्रादेशिक तिकिटं पाहा. हेसेन राज्यात ‘हेसेनटिकेट’ पाच जणांपर्यंत दिवसभर चालतं. पुढे हामेल्न-ब्रेमेनसाठी ‘नीडरझाक्सन-टिकेट’ आहे आणि ते ब्रेमेनमध्येही चालतं. सोमवार ते शुक्रवार दोन्ही सकाळी नऊनंतर लागू होतात, आणि वेगवान आयसीई गाडीत चढता येत नाही.

खाण्याच्या पिशवीबद्दल नीट सांगते, कारण आपल्या घरांतून इथेच गडबड होते. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या घरीच राहू द्या. ताजा कढीपत्ता, मिरच्या आणि आंबेही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. मेतकूट, कोरड्या चटण्या, भाजणी, दुधाऐवजी पाण्यात भिजवलेल्या तेलावरच्या दशम्या खुशाल न्या. शाकाहाऱ्यांना त्या दिवसांत पांढरं ॲस्परॅगस सगळीकडे मिळतं, २४ जूनपर्यंत त्याचा हंगाम असतो. हेसेनमध्ये सात प्रकारच्या पाल्याची हिरवी सॉस उकडलेल्या बटाट्यांबरोबर देतात, सोबत बहुतेकदा अंडी असतात, ती नको म्हणून आधीच सांगा. पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकलेलं कोणी ओळखीत असेल तर त्यांच्याकडून ‘मांस नको, अंडं नको’ एवढी वाक्यं बसून शिकून घ्या. लहान गावांतल्या खानावळींत ती फार उपयोगी पडतात.

फरसबंद गल्ल्यांसाठी रुळलेले, म्हणजे आधी वापरलेले बूट, प्रत्येकाला रेनकोट, आणि चाकांच्या मोठ्या बॅगेपेक्षा पाठीवरची पिशवी. थोडी रोख आणि सुटी नाणी जवळ असू द्या, स्वच्छतागृहांना लागतात. प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या टाकू नका, दुकानातल्या यंत्रात घातल्या की बहुतेकींचे २५ सेंट परत मिळतात. हे काम मुलांकडे सोपवा.

हामेल्नला नाटकाआधी मुलांना तारीख सांगून ठेवा: २६ जून १२८४, हरवलेली मुलं १३०. बुंगेलोझेनश्ट्रास या गल्लीतून ती गेली असं मानतात, म्हणून तिथे आजही वाजवत-नाचत जात नाहीत. तिथे हसण्या-खिदळण्यात मुलांना अडवू नका, पण गाणी मात्र मोबाइलवर लावू नका.

शेवटचा टप्पा ब्रेमेन. गोष्टीतले गाढव, कुत्रा, मांजर आणि कोंबडा ब्रेमेनला पोचतच नाहीत, वाटेतच एका घरात सुखाने राहतात. शहराने मात्र १९५३ मध्ये नगरभवनाशेजारी त्यांचा गेरहार्ड मार्क्सने घडवलेला पुतळा उभा केला. जवळच्या चौकात जमिनीतल्या एका झाकणात नाणं टाकलं की प्राण्यांचे आवाज येतात, तेवढ्यासाठी सुटे पैसे राखून ठेवा. परतीचं विमान फ्रँकफर्टहून असेल तर आदल्या दिवशीच गाडीने तिकडे जा, प्रवास जवळजवळ चार तासांचा आहे. तिकीट काढतानाच हॅम्बुर्गहून परत निघण्याचा दर विचारला तर तो एक दिवस ब्रेमेनसाठी मोकळा होईल.