खोकताना लघवी सुटते? आधी नेमका स्नायू शोधा

"बाळंतपणं झाली, वय झालं, आता हे चालायचंच" असं कुणी म्हणालं तर सोडून द्या. खोकताना, शिंकताना, भरलेली बादली उचलताना थेंब सुटतात, कारण बहुतेक वेळा ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडलेले असतात. ते व्यायामाने घट्ट करता येतात.

तीन दिवस वहीत लिहा: काय प्यायलात, लघवीला कधी गेलात, कधी सुटली.

आता स्नायू शोधा. गुडघे मोडून पाठीवर पडा. चारचौघांत वारा सरेल असं वाटलं की आपण जसं आवळून धरतो, तसं मागून आवळा आणि ती ओढ पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा. दिशा आत आणि वर. बऱ्याच बायका इथेच फसतात आणि शौचाला बसल्यासारखा खाली जोर लावतात. असा व्यायाम महिनाभर केला तर त्रास वाढूही शकतो. खात्री हवी तर हातात आरसा धरून बघा. योनी आणि गुदद्वार यांच्यामधली जागा आत ओढली गेली पाहिजे. बाहेर फुगली तर चुकतंय. किंवा धुतलेलं बोट योनीत घालून आवळा, भोवती पकड जाणवेल. लाजायचं काय त्यात, शरीर आपलंच आहे.

ढुंगण उचललं जातंय, मांड्या चिकटतायत? सैल सोडा, पुन्हा सुरू करा. मला श्वासाने फार छळलं, आवळलं की तो कोंडलाच. मोठ्याने आकडे मोजायला लागले तेव्हा सुटला. आणि "लघवी करताना धार मधेच थांबवा" हा सल्ला रोजचा व्यायाम म्हणून अजिबात नको; मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

जमलं की आठ वेळा आवळा, दिवसातून तीनदा. आधी तीन-चार सेकंद, हळूहळू दहापर्यंत. मधे तेवढीच विश्रांती. शिंक येतेय असं वाटताच आधी आवळायचं. निदान तीन महिने करा. पंधरा दिवसांत "काही फरक नाही" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

पाणी तोडू नका, चहा-कॉफी कमी करा. पोट साफ ठेवा, वजन जास्त असेल तर उतरवा. सुटण्याऐवजी अचानक घाईच लागत असेल तर जायची वेळ थोडी थोडी पुढे ढकलत न्या.

लघवीत रक्त, जळजळ, ताप, किंवा अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल तर व्यायामाआधी डॉक्टर गाठा. मांड्यांमधली जागा बधिर झाली किंवा लघवी अडकली तर त्याच क्षणी दवाखाना.