ऑनलाइन पदवीची फी भरण्याआधी

नागपुरात बर्डीवरच्या एखाद्या ऑफिसात ‘घरबसल्या एमबीए’चं माहितीपत्रक हातात पडलं, तर फीचं बोलण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची, म्हणजे डीईबीची वेबसाइट उघडा. यादीत विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणून भागत नाही. तोच अभ्यासक्रम, ‘ऑनलाइन’ याच प्रकारात, चालू सत्रासाठी, असं तिन्ही जुळायला हवं. गफलत इथेच होते: मान्यता बीकॉमला आणि विक्री एमबीएची. इंजिनिअरिंग किंवा नर्सिंगची ऑनलाइन पदवी कोणी देऊ केली, तर सरळ उठून यायचं; ती चालतच नाही. फ्रँचायझीलाही परवानगी नाही, म्हणून फी थेट विद्यापीठाच्या खात्यात भरा. प्रवेशासाठी लागणारा डीईबी आयडी, म्हणजे डीईबीच्या वेबसाइटवर मिळणारा विद्यार्थ्याचा क्रमांक, स्वतःच्याच मोबाइल नंबरवर काढा.

मग शिकवण्याचा दर्जा. नमुन्याचा चकचकीत व्हिडिओ नको, मधल्या एका आठवड्याचा पूर्ण धडा मागा आणि तपासलेला एखादा स्वाध्याय. त्यावर शेरे नसून नुसते गुण असतील, तर तपासणारं कोणी नाही असं समजा. तुलनेला एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचा, कोर्स फुकटात लावून बघा. तिथे साधारणपणे स्वाध्यायांना २५ टक्के आणि केंद्रावर बसून दिलेल्या परीक्षेला ७५ टक्के वजन असतं.