जुनी करिझ्मा परत रुळावर आणायची असेल तर सुरुवात कुठून करायची

हिरो होंडाची २००३ ची करिझ्मा बाईक, २२३ सीसी, अजून घरात असेल तर विकू नका प्लीज, इंजिन खरंच दमदार आहे. पण लोक आधी सायलेन्सर बदलतात आणि तिथेच पैसे वाया जातात, वर मोठ्या आवाजाचा बसवला तर दंड वेगळाच.

पहिलं काम कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल हळू फिरवा, मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट गेलाच समजा, मग कितीही भारी टायर टाका गाडी वळणात सरळ लाईन धरणार नाही. स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश पण त्याच वेळी हलवून बघा.

मग पुढचे शॉकअप. सील नवीन, ऑइल नवीन, आणि शॉकअपच्या दोन्ही पायांत ऑइलची लेव्हल अगदी सारखी, हे मेकॅनिकजवळ उभं राहून करून घ्या.

मागे कंपनीचा १००/९०-१८ टायर येतो, रुंदी ११० पर्यंत ठीक, पण त्याच रिमवर १३० टाकला की तो चिमटतो आणि गाडी वळायला जड होते. दिसायला भारी दिसतं, मान्य, तरी नकोच.

ब्रेकला स्टीलच्या जाळीचा होज (ब्रेक ऑइलचा पाइप) आणि नवीन फ्लुइड, लिव्हरचा स्पंजपणा जातो.

पिकअपसाठी कार्ब्युरेटर साफ, एअर फिल्टर नवा, टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं) इंजिन थंड असतानाच. मागचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) मोठा केला तर पिकअप वाढेल पण हायवेला इंजिन ओरडत राहील, टूरिंग करणाऱ्यांनी कंपनीचाच ठेवा.